भिंतीचा ताप

परवा धाराशिवला बँकेत रांगेत उभा होतो. रांग मोठी, पंखे लांब, म्हणून भिंतीला टेकलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की वॉचमन माझ्याकडं एकटक बघतोय. माझा उजवा हात पाठीमागं गेला होता आणि हाताची पालथी बाजू मी भिंतीला लावून धरली होती.

"काय झालं सर? वल आलीया का भितीला?" त्यानं विचारलं.

"न्हाय, ताप आलाय," मी बोलून गेलो.

पुढं तो माझ्यापासून जरा अंतर राखूनच उभा राहिला. त्याचं चुकलं नाही. पश्चिमेच्या भिंतीला दुपारी ताप येतो हे मलाही कुणी शिकवेपर्यंत माहीत नव्हतं, आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्यापासूनही लोक सुरुवातीला असंच अंतर राखून असत.

त्यांचं नाव शिवलीला बिराजदार. पण या नावानं हाक मारणारं धाराशिवात कुणी नव्हतं. त्यांचं माहेर लोहाऱ्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. घरात कानडी, त्यामुळं धाकट्या बहिणीच्या त्या अक्का. मग गवंडी अक्का म्हणायला लागले, सिमेंटवाले म्हणायला लागले, आणि नगरपालिकेत 'बिराजदार मॅडमची फाइल' म्हणून विचारलं तर कपाळाला आठ्या पडायच्या, 'अक्कांची' म्हटलं की फाइल टेबलावर यायची. त्या आर्किटेक्ट होत्या. मी त्यांच्या ऑफिसात साइटवरची कामं बघायला होतो. माझं घर तुळजापूरचं, वाडवडील पंचांग सांगणारे. अक्कांना हे कळलं त्या दिवसापासून मी जोशीबुवा झालो.

"तुमच्या आज्यानं सूर्य बघून मुहूर्त काढले," त्या म्हणायच्या, "तुम्ही सूर्य बघून खिडक्या काढा. धंदा तोच हाय."

ठेंगणा बांधा, जाड भिंगाचा चष्मा, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. साइटवर जाताना साडीवरून पुरुषी पांढरा शर्ट घालायच्या, आपल्याकडं शेतात खुरपायला जाणाऱ्या बायका घालतात तसा, पूर्ण बाह्यांचा, आणि डोक्याला पंचा. एकदा एका बंगल्याच्या कामावर मालकानं त्यांनाच पाटी उचलायला सांगितली होती. अक्कांनी पाटी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "उचलते, पण आदी तुमची पश्चिमेची खिडकी उचलून उत्तरेला ठिवा."

कुठंही गेल्या की आधी भिंतीला हात. तळहात नव्हे, पालथा हात, आई लेकराच्या कपाळाला लावते तसा. लग्नाला गेल्या तरी, चहाला गेल्या तरी. मग डोळे बारीक करून क्षणभर थांबायच्या आणि निदान सांगायच्या. "हिला बारीक कणकण हाय," किंवा "ही तर फणफणलीय." त्यांचं म्हणणं असं, की ऊन, आजार आणि कटकट या तिन्हीला आपल्या भाषेत एकच शब्द आहे, ताप, आणि पश्चिमेची उघडी भिंत हे तिन्ही एकाच वेळी देते. त्यामुळं समजावून सांगायला वेगळं काही करावंच लागत नाही. प्रत्यक्षात समजावून सांगण्यात त्यांचा जन्म गेला.

ईट गावाला एकदा आम्ही सांत्वनाला गेलो होतो. म्हातारे गृहस्थ वारले होते. घर मातीचं पाडून नवं बांधलेलं, सिमेंटचं, माळवदाऐवजी स्लॅब. सगळे गप्प बसलेले. मी बघतोय तर अक्कांचा हात हळूहळू मागं सरकतोय. मी डोळ्यांनी नको म्हटलं. त्यांनी न बघितल्यासारखं केलं. उठताना त्यांनी थोरल्या मुलाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आईला ह्या खोलीत झोपवू नका. भिंत बरी न्हाय." मुलानं आईला त्याच दिवशी पुढच्या खोलीत हलवलं, हे चांगलंच झालं. पण गावभर बोभाटा झाला की धाराशिवच्या बाईला भिंतीत काहीतरी दिसलं. पुढं कितीतरी दिवस त्या खोलीत कुणी एकटं जात नव्हतं. अक्कांना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "असू दे. कारण चुकलं, पण म्हातारी वाचली."

पाठीमागं लोक त्यांनाच 'ताप' म्हणत. स्कूटर लांबून दिसली की गवंड्यांची कुजबुज सुरू व्हायची, "चला, ताप आला." हे त्यांना पक्कं माहीत होतं. एकदा फाटकातूनच ओरडल्या, "आला रे ताप, गोळी काढून ठिवा." गवंड्यांना कुठं तोंड लपवावं कळेना.

त्यांचं खरं वेड कॉम्प्युटरवर होतं. इमारतीचा नकाशा त्यात उभा करायचा, आणि वर्षभराचं ऊन त्यावर सोडायचं. कुठल्या भिंतीवर किती ऊन साचतं ते यंत्र रंगात दाखवतं. निळी भिंत म्हणजे निवांत, पिवळी म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे गेली कामातून. आमचा कॉम्प्युटर जुना. तो हिशेब करायला बसला की घरघर करायचा आणि पडदा जागचा हलायचा नाही. कुणी मध्येच बटण दाबायला गेलं की अक्का हात धरायच्या. "शिजतंय. झाकण उघडू नका." मग आम्ही चहा करायचो.

हवामानाची माहिती मिळायची ती सोलापूरची. त्यावर अक्का म्हणायच्या, "ऊन सोलापूरहून उसनं आणलंय. चालतंय, सोलापूरचं ऊन आपल्या उन्हाचा मावसभाऊच हाय." गिऱ्हाइकाला त्या आणखी एक गोष्ट हमखास सांगायच्या, की मे महिन्यात आपल्याकडं सूर्य डोक्यावरून थेट उत्तरेकडं कलतो, आणि संध्याकाळी मावळतो तोही वायव्येला. यावर कुणाचाही विश्वास बसत नसे. सूर्य दक्षिणेकडंच असतो असं लोकांनी धरून ठेवलेलं. एका वकिलांनी तर त्यांना विचारलं होतं, "हे कुठल्या कायद्यात आहे?"

पण रंगांनी अक्कांना एकदा चांगलंच फसवलं. कळंबला काशिनाथप्पा म्हणून धान्याचे आडत व्यापारी. खाली दुकान, वर घर, असं त्यांचं नवं बांधकाम अक्कांकडं होतं. अक्कांनी त्यांना उन्हाचा रंगीत नकाशा छापून दिला आणि तासभर समजावलं. अप्पा मान डोलवत होते. "लई भारी," म्हणाले, "हे घरी नेऊ का? मालकिणीला दाखवतो." अक्का खूश. इतक्या वर्षांत ऊन घरी घेऊन जाणारा पहिला माणूस भेटला होता.

घरभरणीला आम्ही दोघं गेलो. कोपऱ्यावर वळलो आणि अक्कांनी मला दंडाला धरून थांबवलं. समोर अप्पांचं घर उभं होतं. गच्चीचा कठडा लालभडक. त्याखाली केशरी. मग पिवळा, मग हिरवा, आणि दुकानाच्या शटरपाशी निळा. रंग एकमेकांत असे मिसळले होते की कुठं लाल संपतो आणि केशरी सुरू होतो हे सांगता येत नव्हतं. हुबेहूब आमचा नकाशा.

अप्पा हात जोडून पुढं आले. "अक्का, तुमी कागदावर दिल्यापरमाणं केलंय बघा. तसूभर बी चुकलो न्हाय. पेंटर लातूरहून बोलावला."

मी चपलेच्या बंदाशी काहीतरी करत खाली वाकलो. वर बघायची सोय नव्हती. अक्कांचा आवाज मात्र सरळ आला. "छान केलं, अप्पा. घर लांबून वळखू येतंय." जेवायला बसलो, बुंदी खाल्ली, मालकिणीनं खणा-नारळानं ओटी भरली. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर अक्का हसायला लागल्या, त्या येडशीपर्यंत हसत होत्या. चष्मा काढून डोळे पुसत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. मग चष्मा डोळ्यांवर चढवला.

"चूक अप्पांची न्हाय, जोशीबुवा," त्या म्हणाल्या. "माणसाला रंग दाखवला की माणूस रंगच बघणार. मी ताप दाखवायला पाहिजे होता."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. ते त्यांनी केलं नव्हतं, हे लोहाऱ्याला कळलं.

लोहाऱ्यात एका संस्थेला मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. आसपासच्या खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी. जागा चांगली, पण रस्ता पश्चिमेला, म्हणजे इमारतीचं तोंड आपोआप मावळतीला. संस्थेचे अध्यक्ष रावसाहेब. माणूस मनानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. त्यांना पुढची सगळी बाजू निळ्या काचेची हवी होती.

"दर्शनी भाग हाय ओ तो," ते म्हणाले. "शहरातल्या पोरी काचेच्या कालेजात शिकत्यात. आमच्या खेड्यातल्या पोरींनी का पत्र्याकडं बघत ऱ्हायाचं? त्यांला बी वाटू द्या की आपुन कुठंतरी आलो."

मला हे ऐकून रावसाहेबांचा राग येईना. अक्कांनाही आला नसावा. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "दर्शन देवाचं घ्यावं, रावसाहेब. भितीच्या आत माणसं ऱ्हातात." आणि काच लावायची तर दुसरा आर्किटेक्ट बघा, असं सांगून उठल्या. मी हादरलो. त्या वर्षी आमच्याकडं मोठं म्हणावं असं ते एकच काम होतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अक्का, थोडी काच, थोडी भिंत, असं काही जमवता येईल की."

त्या चालत राहिल्या. स्टँडवर आलो. बसला वेळ होता. रसवंतीच्या बाकावर बसून त्यांनी उसाचा रस मागवला आणि मग सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

त्यांची धाकटी बहीण नीला. तिच्या दहावीला दोघी बहिणी आणि आई याच लोहाऱ्यात भाड्याच्या एका खोलीत राहिल्या होत्या, कारण गावात शाळा सातवीपर्यंतच. खोलीला एकच बाहेरची भिंत, ती मावळतीला. परीक्षेच्या दिवसांत नीलाला ताप भरला. डॉक्टरनं ऊन लागलंय म्हणून सांगितलं. आई म्हणायची, पोरगी उन्हात गेलीच कुठं, खोलीत बसून तर अभ्यास करतीया. "आईचा हात नीलाच्या कपाळावर," अक्का म्हणाल्या, "अन् मी भितीला टेकलेली. माझा हात भितीला लागला. जोशीबुवा, नीलापेक्षा भितीला जास्त ताप होता. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, काहीबी बोलू नको."

नीलाचे पेपर गेले. वर्ष वाया गेलं म्हणून घरच्यांनी स्थळ बघितलं आणि पलीकडं कर्नाटकात, आळंदच्या बाजूला तिला देऊन टाकली. "माझ्यापेक्षा हुशार होती," अक्का म्हणाल्या. "गणितात तर लई." रस पिऊन झाला तरी त्यांनी पेला हातातच धरून ठेवला होता. मी पुन्हा काचेचं नाव काढलं नाही.

रावसाहेबांनी दुसरा आर्किटेक्ट शोधायला सुरुवात केली होती. अक्कांनी त्यांना फोन केला आणि गोड आवाजात म्हणाल्या, की तुमचं म्हणणं मला पटतंय, एकदा निळ्या काचेच्याच इमारतीत सगळ्यांनी बसून ठरवू या, म्हणजे कशी दिसते तेही कळेल. कळंबला एक नवा हॉल होता, वरचा मजला, पुढून सगळी काच, तोंड मावळतीला. दिवस एप्रिलचे. अक्कांनी वेळ दिली दुपारी चारची. मी म्हटलं, "सकाळी बरं पडेल." त्या म्हणाल्या, "सकाळी काय दिसणार?"

संस्थेची सगळी मंडळी आली. अक्कांनी खुर्च्या काचेला लागूनच मांडायला लावल्या होत्या. सगळ्यांनी आधी काचेचं कौतुक केलं. मग अक्कांनी नकाशा उघडला आणि बोलायला सुरुवात केली, जिन्याबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल, खिडकीच्या गजांबद्दल. उन्हाबद्दल एक अक्षर नाही. वीज होती, पण एसीचा रिमोट हॉलच्या माणसाला सापडत नव्हता, कुणास ठाऊक कसा. मी चौकशी केली नाही. थोड्या वेळानं एकानं खुर्ची जरा मागं घेतली. मग दुसऱ्यानं. ऊन फरशीवरून पुढं येत होतं आणि खुर्च्या मागं जात होत्या. अक्का बोलतच होत्या. शेवटी सगळी संस्था आतल्या भिंतीला चिकटून बसली, आणि रावसाहेब सरकत सरकत संडासाच्या दारापाशी पोचले होते. त्यांनी टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली.

तेव्हा अक्का थांबल्या. "रावसाहेब, तुमी खुर्ची सरकवली," त्या म्हणाल्या. "पोरींनी खाटा कुठं सरकवायच्या?"

रावसाहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली. म्हणाले, "मग दर्शनी भागाला काय लावायचं म्हणता?"

"पापण्या," अक्का म्हणाल्या.

मग त्यांनी दाखवलं. खोल्यांच्या पुढं एक व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या तोंडाला खालून वरपर्यंत सिमेंटच्या उभ्या पट्ट्या, सगळ्या जरा दक्षिणेकडं वळवलेल्या. उन्हाळ्यातलं वायव्येचं ऊन पट्टीच्या पाठीवर आपटतं, आत येत नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडून उतरतो तेव्हा तेवढं कोवळं ऊन आत येतं. वारा तर बारा महिने. सपाट सज्जा काढून मावळतीचं ऊन अडत नाही, कारण ते वरून येत नाही, समोरून येतं. रावसाहेबांनी नकाशा लांब धरून बघितला. "दिसायला बी बरं दिसंल म्हणा," ते म्हणाले. "पापण्या बाईमाणसाला शोभत्यात." आणि संस्थेचं नाव मधोमध मोठ्या अक्षरांत पाहिजे, एवढी एक अट घातली. अक्कांनी ती लगेच मान्य केली.

वसतिगृह झालं. मुली राहायला आल्या. त्यानंतर अक्का फार काळ राहिल्या नाहीत. त्यांच्या आजारपणाबद्दल मी लिहिणार नाही. ते त्यांनाही आवडलं नसतं आणि मला ते जमायचंही नाही. मला त्यांना बघायचं असलं की मी लोहाऱ्याची एक दुपार आठवतो. एप्रिल होता, मुलींच्या परीक्षा चालू होत्या. अक्का म्हणाल्या, "चला, पेशंट बघून येऊ." त्या दिवशी त्यांच्याबरोबर नीलाही होती. आळंदहून चार दिवस राहायला आली होती. सावळी, शांत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली. इतक्या वर्षांत मराठीची सवय गेलेली, समजायचं, पण बोलायला संकोचायची.

वसतिगृहासमोर पोचलो आणि अक्का पुन्हा कळंबसारख्याच थबकल्या. सगळ्या पापण्यांवर, खालपासून वरपर्यंत, कपडे वाळत घातलेले होते. लाल ओढण्या, पिवळे कुर्ते, हिरव्या सलवारी, निळे युनिफॉर्म. पट्टीपट्टीला दोऱ्या बांधलेल्या. संस्थेचं नाव एका सतरंजीखाली झाकून गेलं होतं. रावसाहेब फाटकापाशीच उभे होते.

"अक्का, दर्शनी भागाचं वाटोळं झालं की ओ," ते कळवळून म्हणाले. "काच असती तर हे झालं नसतं."

"काच असती तर कपडे न्हाय, रावसाहेब," अक्का म्हणाल्या, "पोरी वाळल्या असत्या."

मग त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बघा, पोरींनी आपला नकाशा न बघता काढलाय. वर सगळ्यात कडक ऊन, तिथं टॉवेल अन् सतरंज्या. खाली लिंबाची सावली पडती, तिथं नुसते रुमाल. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं." इतकं आनंदलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. काशिनाथप्पांचं घर दोघांनाही आठवलं असणार.

वरच्या मजल्यावर गेलो. व्हरांड्यातून चालताना ओल्या कपड्यांमुळं गार लागत होतं. एका खोलीत एक मुलगी खाटेवर मांडी घालून गणितं सोडवत होती. आम्हाला बघून उठायला लागली. अक्कांनी तिला बसवलं आणि मावळतीच्या भिंतीपाशी जाऊन पालथा हात लावला.

"काय बघताव, मावशी?" मुलीनं विचारलं.

"ताप."

"ताप? इथं कुणाला न्हाय की ताप."

"तेच बघतीय," अक्का म्हणाल्या.

नीला दारातच उभी होती. अक्कांनी तिला हातानं बोलावलं आणि कानडीत म्हणाल्या, "कै हच्चु." हात लाव. नीला पुढं आली. तिनं आधी पदराला हात पुसला, मग अक्कांनी लावला होता तसाच, पालथा, भिंतीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. खाली रस्त्यावरून जीप गेल्याचा आवाज आला.

"तंपैती, अक्का," ती म्हणाली. थंड आहे.

अक्कांनी मान हलवली. मग दोघी बहिणी त्या मुलीच्या खाटेवर तिच्या शेजारी बसल्या, भिंतीला पाठ टेकून. मुलीनं पुन्हा वही पुढं ओढली. नीला वाकून तिचं गणित बघायला लागली. परतीच्या बसची वेळ झाली होती, तरी मी दाराला टेकून उभा राहिलो. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते.